अनुमोदक : द्वारकाबाई कोकरे

माळवस्तीच्या दूध संस्थेच्या ठरावपुस्तकात सात वर्षांत द्वारकाबाई भीमराव कोकरे हे नाव एकशे अठरा वेळा आलं आहे. प्रत्येक वेळी एकाच जागी. ठरावाच्या खाली सूचक म्हणून अध्यक्षांचं किंवा एखाद्या संचालकाचं नाव, आणि त्याखाली अनुमोदक म्हणून द्वारकाबाईंचं. यातला एकही ठराव त्यांना आधी दाखवलेला नव्हता. सचिव नागेश ठराव लिहायचा आणि अनुमोदकाच्या जागी त्यांचं नाव घालून मोकळा व्हायचा. त्या बैठकीला न चुकता यायच्या आणि हरकत घ्यायच्या नाहीत, एवढंच त्याचं कारण.

एकशे एकोणिसाव्या ठरावाला त्यांनी हरकत घेतली. तो ठराव आखातातल्या युद्धाबद्दल होता.

माळवस्ती बारामतीहून इंदापूरला जाताना लासुर्ण्याच्या पुढे आत वळल्यावर लागते. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला माळ. द्वारकाबाई सत्तावन्न वर्षांच्या आहेत. त्यांच्या माहेरी मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घाट उतरून कोकणात जायचा आणि उन्हाळा संपता संपता परत यायचा. पंधराव्या वर्षी लग्न होईपर्यंत त्या दर साली ही वाट चालल्या. सासरची मेंढरं पुढे विकली गेली, चार संकरित गाई आल्या आणि नवरा भीमराव लोणी देवकरच्या एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागला. दूध संस्थेत महिला राखीव जागेवर संचालक म्हणून द्वारकाबाई निवडून आल्या, तेव्हा माहेर-सासर धरून खुर्चीवर बसलेलं त्यांच्या घरातलं ते पहिलं माणूस होतं.

वाचायला त्या चाळिशीत शिकल्या. संकलन केंद्रावर रोज सकाळी संस्थेचा पेपर येतो. दुधाची फॅट मशीनवर तपासायला वेळ जातो, रांग थांबते. त्या वेळात द्वारकाबाई पेपर मोठ्यानं वाचतात. सुरुवातीला बायका निधन वार्ता आणि बाजारभाव वाचायला सांगायच्या. युद्ध सुरू झालं त्या वर्षी पहिलं पान वाचायला सांगू लागल्या. डिझेलचा दर वाढला होता आणि तो कशानं वाढला हे पहिल्या पानावर असायचं. चार महिन्यांत माळवस्तीच्या बायकांना आखातातली बंदरं पाठ झाली. कोणता देश कुणाच्या विहिरीवर डोळा ठेवून आहे यावर किटल्या घासता घासता वाद होऊ लागले.

सप्टेंबरात संस्थेची वार्षिक सभा शाळेच्या पटांगणात भरली. मंडपाच्या मागे जिलेबीची कढई चढली होती. विषयपत्रिकेवरचे दहा विषय पंचवीस मिनिटांत संपले. या सभांची एक रीत आहे. अध्यक्ष ठराव वाचायला लागतात आणि तो निम्मा वाचून होण्याआधीच मंडपातून "मंजूर, मंजूर" असा आवाज येतो. माळवस्तीत पहिला आवाज भीमरावांचा असतो, कारण तो सगळ्यांत मोठा आहे.

अध्यक्ष रणजितराव यांची ही तिसरी खेप. वय बावन्न, बारामतीच्या कॉलेजात शिकलेले, इंदापूर रस्त्यावर स्वतःचा पेट्रोल पंप. शेवटच्या, म्हणजे ऐनवेळच्या विषयात त्यांनी खिशातून एक कागद काढला आणि वाचला :

"आखातातून येणाऱ्या तेलाच्या मार्गाच्या रक्षणासाठी भारताने मित्रराष्ट्रांच्या बरोबरीने युद्धनौका व सैन्य पाठवावे, यास ही सभा एकमताने पाठिंबा देत आहे. सूचक, अध्यक्ष. अनुमोदक, सौ. द्वारकाबाई भीमराव कोकरे."

"मंजूर!" भीमराव ओरडले. मंडप ओरडला. मागची माणसं जेवायला उठली.

व्यासपीठाच्या टोकाच्या खुर्चीवरून द्वारकाबाई उभ्या राहिल्या. "मी अनुमोदन दिलेलं न्हाय."

रणजितराव हसले. "अहो, सात वर्षं तुमचंच नाव घालतोय. आजच काय झालं?"

"सात वर्षं पत्र्याचं हुतं, मशिनीचं हुतं, दुधाचं हुतं. हे लढाईचं हाय. मला विचारलं न्हाय तुमी."

"भीमराव," मंडपातून कुणीतरी म्हणालं, "आधी घरात मंजूर करून घ्यायचं की ओ!"

उठलेली माणसं हसत खाली बसली. जिलेबीपेक्षा हे बरं होतं.

रणजितरावांनी माईक जवळ घेतला. ते बोलण्यात कच्चे नाहीत. "द्वारकाबाई, तेल आलं न्हाय तर आपला दुधाचा टँकर बारामतीला जाणार कसा? लाइट गेल्यावर दूध गार ठेवायच्या कूलरचा जनरेटर कशावर चालणार? देशाला लागणारं बहुतेक तेल बाहेरनं येतंय. त्याची वाट दुसऱ्यानं अडवली तर आपण हात बांधून बसायचं?"

युक्तिवाद लेचापेचा नव्हता. पुढच्या रांगेतल्या बऱ्याच माना हलल्या.

"तेल पायजेच," द्वारकाबाई म्हणाल्या. "नको कोण म्हणतंय? पण रणजितराव, आमी मेंढरं घेऊन कोकणात जायचो. वाटंत दोन गावांची पाण्यावरनं मारामारी लागायची. दोन्हीकडची म्हणायची, काठ्या घेऊन आमच्या बाजूनं या, मग पाणी देतो. माझा बाप कधी गेला न्हाय."

"भ्याला असंल," मागून एक आवाज आला.

"भ्याला न्हाय. पुढल्या साली त्याच वाटंनं जायचं हुतं. एकाकडनं काठी चालवली की दुसऱ्याच्या शिवारातनं वाट बंद. बाप दोन्हीकडच्या पाटलांशी बोलायचा आन् मेंढरं मधनं काढायचा. तीस वर्षं वाट चालू ठिवली त्यानं. तुमी वाट उघडायला काठी पाठवताय. एकदा ती चालली की कोण कुठं अडवंल, ह्याचा काय भरवसा?"

मंडपात कुजबुज झाली. रणजितरावांनी ती संपू दिली.

"बाई, देश म्हंजे मेंढरांचा कळप न्हाय."

"मग हाकताय कशाला? हात मोजा."

या वेळी हसणं दुसऱ्या बाजूचं होतं. रणजितराव म्हणाले, सगळ्यांनी एका आवाजात मंजूर म्हटलंय, मोजायचं काय? द्वारकाबाईंनी केंद्राच्या दिशेला हात केला.

"सकाळी सगळ्यांचं दूध एकाच पातेल्यात वतून फॅट लावता का? प्रत्येकाची किटली येगळी लावता. दुधाला येगळी आन् मताला एकच?"

रणजितरावांनी क्षणभर विचार केला. मोजणीत आपण जिंकणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. "मोजू. पण ठराव मंजूर झाला तर संचालकपदाचा राजीनामा द्यायचा."

"देते. आन् पडला तर?"

"तर तुमी सांगाल तो ठराव मी स्वतः दिल्लीला पाठवतो."

हात वर झाले. मंडप हातांनी भरला. नागेश सभासदांची नोंदवही घेऊन पहिल्या रांगेपासून मोजायला लागला आणि पहिल्याच माणसापाशी अडला.

"रामतात्या, हात खाली घ्या."

"का रं?"

"सभासद काकू हायत. तुमी न्हाय."

दुसऱ्यापाशी तेच. तिसऱ्यापाशी तेच. चौथ्याला त्यानं नुसती नोंदवही दाखवली.

काही वर्षांपूर्वी गाई घ्यायची एक योजना आली होती. तीत बाईचं नाव असलं की प्रकरण लवकर मंजूर व्हायचं. माळवस्तीच्या पुरुषांनी गाई बायकांच्या नावावर घेतल्या आणि गाईबरोबर संस्थेचं सभासदत्वही. कागदापुरतं, असं ते म्हणत. मग वार्षिक सभेला बायकांच्या जागी तेच यायचे आणि मंजूर म्हणून जेवून जायचे. आजवर कुणी हात मोजले नव्हते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. संस्थेच्या दोनशे बारा सभासदांपैकी एकशे एकोणचाळीस बायका होत्या. मंडपात त्यातल्या वीस-बावीस असतील.

नागेश भीमरावांपाशी आला. भीमरावांनी न सांगता हात खाली घेतला.

"सभासदाच्या जागी दुसऱ्याला मत देता येत नाही," नागेशनं पोटनियम वाचून दाखवला. आवाज त्याचा खाली गेला होता.

रणजितरावांनी सभा तहकूब केली. उद्या दोन्ही वेळच्या संकलनाला सभासदांनी स्वतः यावं, दूध घालताना हो किंवा नाही सांगावं, नागेश नोंद करील, असं त्यांनी जाहीर केलं. नागेश म्हणाला, पोटनियमात असं कुठं सांगितलेलं नाही, पण मनाईही नाही. घरात जे ठरेल तेच बायका सांगतील, हा रणजितरावांचा हिशेब होता.

द्वारकाबाई कुणाच्या घरी गेल्या नाहीत. दुपारी त्यांनी गाईंना मका कापला. भीमराव गव्हाणीपाशी उभे होते.

"मी आपलं सवयीनं मंजूर म्हणलो."

"ठाव हाय."

"गेली खुर्ची तर? सात वर्षं झाली तिला."

"खुर्ची हुती सात वर्षं. मी कुठं हुते तितं? नुसतं नाव हुतं. धरा ह्या वैरणीच्या भाऱ्याचं टोक."

सकाळी साडेपाचला केंद्रासमोर रोजच्या दुप्पट रांग होती. रणजितराव फॅटच्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसले होते. प्रत्येकीला त्यांच्या समोरूनच जायचं होतं.

पहिली किटली साखरबाईंची. वय सत्तरीच्या पुढे. दूध मापात ओतून त्या म्हणाल्या, "न्हाय."

"साखरबाई," रणजितराव गोड आवाजात म्हणाले, "ठराव पुरता कळला का?"

"चार म्हैने रोज पेपर ऐकतीया बाबा. तुझं कालचंच हाय."

रांगेत कुणीतरी किटलीचं झाकण वाजवलं.

सगळ्या 'न्हाय' म्हणत नव्हत्या. रेश्मा नावाची पदवीधर सून 'व्हय' म्हणाली. तिचा भाऊ सैन्यात आहे आणि धाक असल्याशिवाय वाट मोकळी राहत नाही, असं तिचं मत. बायका तिच्याकडे वळून बघायला लागल्या. द्वारकाबाई पुढे झाल्या. "मोठ्यानं सांग पोरी. नागेशला नीट लिहू दे." रेश्मानं मोठ्यानं सांगितलं. तिच्यामागून आणखी काहीजणी 'व्हय' म्हणाल्या. पुरुष सभासदांत बहुतेक 'व्हय' होते, पण सगळे नाहीत. सकाळचं संकलन संपलं तेव्हा अडतीस हो, एकाहत्तर नाही. रणजितराव चहा न घेता उठले.

दुपारी ते चार-पाच घरी जाऊन आले. पुरुषांशी बोलले. पुरुषांनी सांगितलं, आम्ही घरात बोललोय, पण आता काय सांगता येत नाही.

संध्याकाळी साडेसहाला, रांग संपत आलेली असताना, केंद्रापुढे एक स्कूटी थांबली. रणजितरावांच्या पत्नी विजयमाला उतरल्या. त्यांच्या घरचं दूध गडी आणतो. त्या केंद्रावर कधी आल्याचं कुणाला आठवत नव्हतं, पण दहा गाई त्यांच्या नावावर होत्या. त्यांनी कॅन स्वतः उचलून ठेवला. बायकांनी वाट दिली.

मशीननं फॅट दाखवली. नागेशनं पेन धरलं.

"न्हाय," विजयमाला म्हणाल्या.

रणजितराव मशीनच्या आकड्याकडे बघत होते. मग हळू म्हणाले, "घरी बोललो असतो की आपण."

"घरी तुमी विचारलं कुठं?"

त्या स्कूटीवर बसून गेल्या. नागेशनं रकाना भरला.

सात वाजता बेरीज झाली. एकशे सत्त्याऐंशी सभासदांनी मत नोंदवलं होतं. ठरावाच्या बाजूनं एकसष्ट, विरोधात एकशे सव्वीस. आकडे अध्यक्षांनीच वाचावेत असं नागेश म्हणाला. रणजितराव उभे राहिले आणि त्यांनी ते स्पष्ट, मोठ्या आवाजात, एकही शब्द न गाळता वाचले.

"ठराव नामंजूर."

मग जो आवाज झाला तो माळवस्तीनं आधी ऐकला नव्हता. शंभरावर किटल्या आणि त्यांची झाकणं. शेजारच्या गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या. रस्त्यानं एमआयडीसीतून घरी चाललेल्या दोन मोटारसायकली थांबल्या, कुणाचं लग्न आहे म्हणून विचारायला. साखरबाई पालथ्या कॅनवर बसून ताल धरत होत्या. रेश्माही वाजवत होती. हरलो तरी मोजलं तर खरं, असं ती म्हणाली.

आवाज निवल्यावर रणजितराव म्हणाले, "सांगा तुमचा ठराव. शब्द दिलाय मी."

द्वारकाबाईंनी सांगितला. नागेशनं त्यांचं बोलणं कागदी भाषेत लिहून घेतलं : तेलासाठी चाललेल्या युद्धात भारताने कोणत्याही बाजूने उतरू नये, दोन्ही बाजूंशी बोलणी चालू ठेवावीत, तिकडे अडकलेल्या आपल्या माणसांना आधी परत आणावे. मग तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी एक ओळ दोनदा वाचायला लावली आणि मान हलवली.

"सूचक, द्वारकाबाई भीमराव कोकरे," नागेश लिहिता लिहिता म्हणाला. पेन सवयीनं पुढच्या ओळीवर गेलं, 'अनुमोदक' हा शब्द झाला आणि तिथंच थांबलं. त्यानं मान वर करून समोरच्या गर्दीकडे पाहिलं.

"अनुमोदक कोण?"

या नव्या ठरावाखाली अनुमोदकांची त्रेचाळीस नावं आहेत. पान पुरलं नाही म्हणून ती पुढच्या पानावर गेली आहेत. पहिलं नाव साखरबाईंचं. रणजितरावांनी तिसऱ्या दिवशी बारामतीच्या पोस्टातून ठराव रजिस्टरनं दिल्लीला पाठवला. त्याची पावती त्याच पानाला डकवलेली आहे.

त्या संध्याकाळी नावं लिहून झाल्यावर नागेशनं ठराव शेवटचा वाचला. दाराशी रिकामे कॅन घेऊन भीमराव उभे होते.

"मंजूर!" ते ओरडले.

"तुमी सभासद न्हाय," द्वारकाबाई म्हणाल्या आणि ठरावपुस्तक सहीसाठी पुढे ओढलं.