दोन टेबलं आणि एक शिशी

ती शिशी अजून माझ्या मनातून गेलेली नाही, आणि खरं सांगायचं तर मी ती कधी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नाही. युद्धाचे दिवस होते, त्यात कडाक्याची थंडी. जबलपुरात घरोघरी काचांना काळा कागद चिकटवलेला आणि कारखाने तिन्ही पाळ्यांत चालू. त्यांतल्या एका कारखान्याच्या हद्दीतलं ठाणं माझ्याकडे होतं.

तिथे तोफगोळ्याच्या टोकाला बसणारे फ्यूज तयार होत. दारूच्या बारीक वड्या हातानं आत बसवायच्या, असं ते काम. एका पाळीत दोन टेबलं, दोन्हींना माल एकाच पेटीतला. तरी दोन नंबरच्या टेबलाचे फ्यूज चाचणीत जास्त फुसके निघू लागले. त्याच आठवड्यात ठाण्यात एक निनावी कार्ड आलं. दोन नंबरवरचा अमुक माणूस जेवणाच्या डब्यातून शिशी आणतो आणि कामाआधी टेबलावर फिरवतो, एवढंच हिंदीत लिहिलेलं.

तो माणूस नागपूरकडचा, पंधरा-सोळा वर्षं नोकरी झालेला. पाळीला येताना फाटकावरच त्याला ताब्यात घेतलं. झडतीत शिशी सापडली नाही. ठाण्यात आणून हवालदारानं बोटांचे ठसे घेतले, रोजनामच्यात नोंद केली आणि मी चौकशीला बसलो.

"शिशीत काय होतं?"

"काही वाईट नव्हतं, साहेब."

"मग कुठे आहे ती?"

"फेकली जी. फाटकावर झडती वाढली ना."

"कोणाच्या सांगण्यावरून आणत होतास?"

यावर तो गप्प. दोन दिवस विचारलं, दोन दिवस गप्प. निर्दोष माणूस बडबडतो, गप्प बसतो तो मुरलेला, असा माझा तेव्हा ठाम समज होता. त्यात तो कोठडीत गेल्यापासून दोन नंबरचे फ्यूज सुधारले. मला आणखी काय हवं होतं?

तरी वरिष्ठांनी विचारलं, हा फरक योगायोगाचा नाही कशावरून? म्हणून मी कारखान्यातल्या तपासणी विभागाच्या बाबूंना बोलावलं. ते घरचे मराठीच, गणिताचे पदवीधर, कायम सर्दी झालेले. आधीच्या आठवड्यात तपासलेल्या प्रत्येक फ्यूजची त्यांनी एक चिठ्ठी केली. फुसक्याच्या चिठ्ठीवर फुली, चांगल्याची कोरी. दोन्ही टेबलांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात टाकून हलवल्या.

"आधी मानून चालू, की दोन्ही टेबलं सारखीच आहेत," ते म्हणाले. "मग कोणती चिठ्ठी कोणत्या टेबलाची, यानं काही बिघडत नाही. डोळे मिटून दोन ढीग करा आणि फुल्या मोजा."

आम्ही सकाळभर पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या वाटत बसलो. ढिगांत फरक पडे, पण खऱ्या टेबलांत होता तेवढा एकदाही पडला नाही. मी खूश झालो. त्या माणसाच्या स्थानबद्धतेचा प्रस्ताव टंकून तयारच होता, त्यावर त्यांच्यासमोर सही केली. म्हणजे विनाखटला तुरुंग. नोकरी जाणार आणि तिच्याबरोबर कारखान्याचं क्वार्टरही. त्याची बायको रोज डबा घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसायची, तिचं काय होणार हे मला कळत होतं.

बाबूंनी चिठ्ठ्या आवरल्या. "साहेब, फरक आहे, हे पक्कं. पण तो काहून पडला, हे हा डबा नाही सांगत. तुम्ही तर नाव लिहून राहिले."

मला राग आला. त्यांना चहा न विचारताच वाटेला लावलं.

प्रस्तावासोबत पाठवायचे कागद लावताना ठशांच्या दोन पट्ट्या हाती आल्या. एक स्पष्ट, दुसरी नुसती माखलेली. हवालदाराला हाक मारली. तो म्हणाला, "साहब, पहली बार स्याही पकड़ी ही नहीं. हाथ में तेल था. साबुन से धुलवाकर दूसरी ली."

मी उठून कोठडीपाशी गेलो आणि त्याला हात दाखवायला सांगितलं. चार दिवसांत थंडीनं बोटं जागोजाग फुटली होती, पेरांतून रक्त येत होतं. तेव्हा कुठे त्यानं सांगितलं, शिशीत सरसोंचं, म्हणजे मोहरीचं तेल होतं. तो घरून हातांना लावून यायचा आणि कामाआधी शिशी टेबलावरच्या सगळ्यांच्या हातांत फिरायची. त्याच हातांनी वड्या उचलल्या जात, आणि तेल लागलेली दारू नीट पेटत नसावी.

बाबूंना परत बोलावलं, या वेळी चहा देऊन. त्यांनी दोन नंबरच्याच माणसांना चिठ्ठ्या काढायला लावल्या. निम्म्यांनी तेल लावायचं, निम्म्यांनी सोड्यानं हात धुऊन बसायचं. दोन्ही गटांचे फ्यूज वेगळे तपासले, पुन्हा डबा हलवला. फरक तेलाचा निघाला. माणूस सुटला. मनाई असलेली वस्तू आत नेली म्हणून त्याला लेखी ताकीद मिळाली, क्वार्टर राहिलं.

सोडताना मी त्याला विचारलं, "पहिल्याच दिवशी काहून नाही सांगितलंस?"

"शिशी माझी होती, साहेब, पण हात सगळ्यांचे होते. मी बोललो असतो, तर तुम्ही टेबलच्या टेबल आत टाकलं असतं."

टाकलं असतं. पुढच्या नोकरीत मी गप्प माणसाला लगेच गुन्हेगार धरलं नाही, आणि कोणी पुरावा आणला की तो नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आधी विचारत आलो. पण हे शहाणपण माझं नाही. माझी सही त्या प्रस्तावावर झालेली होती. डाक दुपारी चारला निघायची, आणि पट्ट्या हाती आल्या तेव्हा साडेतीन वाजले होते.