जाऊबाईंची स्कूटर

आमच्या सासरच्या घराण्यात आजवर एकच कलावंत निपजली, आणि ती मी नव्हे.

संगीताच्या परीक्षा मी दिलेल्या आहेत. तानपुराही माझ्याकडे आहे (सध्या त्याच्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे असतात, पण आहे). कलावंत मात्र आमच्या थोरल्या जाऊबाई. त्या पिंपळगाव बसवंतला राहतात, द्राक्षांच्या पॅकिंगच्या शेडवर चाळीसेक बायकांना धाकात ठेवतात, आणि त्यांनी आयुष्यात एकदाच, रेडिओवर, तोंडाने स्कूटर सुरू केली. तेवढ्यावर त्यांचं आजतागायत भागलं आहे.

त्याचं असं झालं. त्या काळी रेडिओवर बायकांचा एक कार्यक्रम लागायचा. त्यात पाककृती असायची, भजन असायचं आणि मध्येच एखादा विनोदी पाहुणा येऊन नकला करायचा, थट्टेचं गाणं म्हणायचा. पिंपळगावचं महिला मंडळ भजनासाठी तिथे गेलं, आणि नेमकी त्या दिवशी विनोदी पाहुण्याची गाडी मनमाडला अडकली. आता वेळ कसा भरायचा म्हणून सगळे हवालदिल झाले, तेव्हा मंडळातल्या बायकांनी जाऊबाईंना पुढे ढकललं. जाऊबाईंनी थोरल्या भाऊजींच्या स्कूटरवर स्वतःच रचलेलं गाणं ठोकून दिलं: 'ह्यांची स्कूटर रुसली गं बाई, पेट्रोल प्याली पण हलतच नाई!' प्रत्येक कडव्याच्या शेवटी किक मारल्याचा आवाज, खर्रर्र, खर्रर्र, आणि मग स्कूटर बंद पडायची, फुस्स. शेवटच्या कडव्यात ती एकदाची सुरू होऊन भुर्रर्र करत चांदवडच्या दिशेने निघून जायची. ऐकणारे हसून हसून लोळले म्हणे.

म्हणे म्हणायचं कारण, माझं लग्न त्यानंतर झालं. पूजेच्या दिवशी कुणाला तरी आठवलं की नवी सून गाणं शिकलेली आहे. मी पदर सावरून बसले, डोळे मिटले, षड्ज लावला. तो अजून नीट लागतोय तोवर मागून एक मामा म्हणाले, "आता आपली स्कूटर होऊन जाऊ द्या!" सगळी खोली जाऊबाईंकडे वळली. सासरे मला म्हणाले, "सूनबाई, चहा टाका."

मी चहा टाकला. त्यानंतर बारशी झाली, मुंजी झाल्या, साखरपुडे झाले, आणि प्रत्येक वेळी स्कूटरचं गाणं सुरू झालं की मी निषेध म्हणून ताडकन उठून स्वयंपाकघरात जात असे. तो निषेध आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. धाकटी फार कामसू, वेळेवर चहा आणते, असा माझा लौकिक झाला. मला इतकंच हवं होतं की या माणसांनी एकदा, फक्त एकदा, गप्प बसून माझा भूप ऐकावा. हेवा वाटत होता मला, खोटं कशाला बोलू? स्वयंपाकघरात मी चहाच्या आल्यावर जे घाव घालत असे, ते आल्यासाठी नसत.

यंदा नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका कॉलेजने आपलं छोटंसं रेडिओ केंद्र काढलं. मुलांना जुन्या रेडिओचं वेड लागलेलं. जुनी थट्टेची गाणी, विनोदी पाहुणे, सगळं परत ऐकवायचं असा त्यांचा रविवार सकाळचा कार्यक्रम, तोही थेट. पुतण्याने त्यांना आईबद्दल कळवलं आणि जाऊबाईंना बोलावणं आलं. फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. भाजीत त्या दिवशी भेंडीचे तुकडे मोहरीएवढे होते, असं हे म्हणाले.

वर जाऊबाईंचा मलाच फोन. "सुमन, तू चाल माझ्यासंगं. तुला माइकबिइकची सवय हाय. मला लय धडधड हून राह्यलीय."

(मला माइकची सवय सोसायटीच्या गणपतीत 'पांढऱ्या गाडीच्या मालकांनी गाडी हलवावी' एवढं म्हणण्याची आहे.) पण मी लगेच हो म्हटलं. माझा हिशेब साधा होता. निवेदिका सोबत आलेल्या बाईंना दोन शब्द विचारणारच, मी सहज गाण्याचा विषय काढणार, ती म्हणणार दोन ओळी ऐकवा, आणि पिंपळगावच्या शेडवर मोबाइलला स्पीकर जोडून बसलेल्या आमच्या समस्त गोतावळ्याला भूप ऐकण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. तिथून मला चहा टाकायला कोण सांगणार?

आठवडाभर मी मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या. रविवारी पैठणी नेसले. रेडिओवर पैठणी दिसत नाही, हे ह्यांनी दोनदा सांगून पाहिलं. जाऊबाई रोजच्याच सुती साडीत आल्या, हातात द्राक्षांची पेटी. ती त्यांनी दारातच त्या मुलांना दिली आणि कार्यक्रम सुरू होण्याआधीच सगळ्यांच्या लाडक्या होऊन बसल्या. माझ्या पिशवीत खडीसाखर होती, तीही स्वतःपुरती.

निवेदिका अन्विता नावाची कॉलेजातली मुलगी होती. तिने आम्हाला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, लाल दिवा लागला आणि ती गोड आवाजात म्हणाली की आज आपल्याकडे जुन्या रेडिओवरच्या स्कूटरवाल्या काकू आल्या आहेत. नमस्कार काकू!

"नमस्कार," जाऊबाई म्हणाल्या, आणि थबकल्या. हेडफोनमधून स्वतःचाच आवाज कानात शिरलेला त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. त्या माझ्याकडे वळल्या. "सुमन, माझ्या कानात ही कोन बोलून राह्यली?"

हे वाक्य थेट नाशिकभर गेलं. त्यानंतर जाऊबाईंनी तोंड गच्च मिटलं ते मिटलंच. अन्विताने विचारलं, गाणं कसं सुचलं? गप्प. स्कूटर कोणती होती? गप्प. चाळीस बायकांना धाकात ठेवणारी बाई स्वतःच्या आवाजाला घाबरून बसली होती. अन्विताने माझ्याकडे पाहून हातवारे केले. तुम्ही सुरू करा, त्या मागून येतील.

माझ्या मनात उकळ्या फुटल्या. स्कूटरचं गाणं, आणि तेही मीच म्हणायचं! इतकी वर्षं जिने मला स्वयंपाकघरात पिटाळलं, ती स्कूटर आता माझ्या हातात होती. मी घसा खाकरला, "ह्यांची स्कूटर रुसली गं बाई, पेट्रोल प्याली पण हलतच नाई" म्हटलं, आणि पुढचे शब्द शोधायला लागले.

पुढचे शब्द मला येत नव्हते.

कसे येणार? पहिली ओळ झाली की मी दर वेळी निषेधाला उठत होते! पिंपळगावातलं शेंबडं पोरसुद्धा ती चारही कडवी घडाघडा म्हणेल. सबंध घराण्यात ते गाणं न येणारी मी एकटी, आणि माइक माझ्यापुढे. अन्विता हाताने 'पुढे, पुढे' करत होती. रेडिओवर शांतता पसरली म्हणजे काय होतं हे त्या दिवशी कळलं. बाहेर तांत्रिक बाजू बघणारा मुलगा आपलं यंत्र बिघडलं असं समजून वायरी उपटायला लागला.

तेव्हा मला साक्षात्कार झाला. माइक आहे, शांतता आहे, पिंपळगाव ऐकतंय. मी डोळे मिटले आणि भूपाचा आलाप सुरू केला. (भूप रात्रीचा राग, सकाळी गाऊ नये, हे मला ठाऊक आहे. पण अशी सकाळ पुन्हा आली नसती.) षड्जावरून रिषभ, गंधार, तिथे जरा विसावले, पंचमाला हात लावून परत आले. काय आवाज लागला होता! अंगावर काटा आला माझ्याच.

आणि शेजारून आवाज आला, "खर्रर्र."

मी डोळे उघडले. जाऊबाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला होता आणि त्यांना कंठ फुटला होता. सुमन बिचारी आपल्याला आधार देतेय, गाडी सुरू व्हायच्या आधीचा काहीतरी सूर धरून बसली आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती. मी डोळ्यांनी दटावलं. त्यांना वाटलं मी उत्तेजन देतेय. मी आवाज चढवला, स्कूटरनेही चढवला. मी धैवतावर गेले, खर्रर्र. मी परत फिरले, खर्रर्र, खर्रर्र. शेवटी इरेला पेटून मी थेट तार षड्ज गाठला आणि तो लांबवला. श्वास संपेपर्यंत लांबवला. तो सोडला त्या क्षणी जाऊबाईंनी शांतपणे म्हटलं, "फुस्स."

अन्विता खुर्चीवरून खाली गेली. काचेपलीकडची मुलं भिंतीला धरून हसत होती. मी संतापाने तान घेतली, अशी की गुरुजींनी ऐकली असती तर त्यांनी शिकवणी सोडली असती, आणि तिच्यावर जाऊबाईंची स्कूटर एकदाची सुरू झाली. माझी तान आणि त्यांचं भुर्रर्र हातात हात घालून चांदवडकडे निघून गेले. त्यांनी जाता जाता हॉर्नही वाजवला.

डोळे पुसत अन्विताने विचारलं की ही जुगलबंदी कुणी बसवली.

"समदं सुमननं बसवलं," जाऊबाई म्हणाल्या. "मला तं तोंड उघडायचं भेव वाटत व्हतं. तिनं सूर धरला म्हनून गाडी निघाली माझी." आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. आता सांगा, अशा बाईचा धड हेवा तरी कसा करायचा? केला मी, पण फार कष्ट पडले.

बाहेर पडतोय तोच पिंपळगावहून थोरल्या भाऊजींचा फोन आला. शेडवर सगळ्यांची हसून पुरेवाट झाली होती. माझं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. मग म्हणाले, "सुमन, एक विचारू का? ते सुरवातीला तू आवाज काढला ना, लांबलचक, तो काय स्कूटरमधी पेट्रोल भरल्याचा व्हता?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून कार्यक्रम असला की फर्माईश आम्हा दोघींना होते. मी मधोमध बसते, सगळे गप्प होतात, माझा भूप कान देऊन ऐकतात. पुढे स्कूटर आहे म्हणून ऐकतात, पण ऐकतात. गेल्या महिन्यात नातवाच्या बारशाला मात्र जाऊबाईंची दाढ काढलेली होती. गाल फुगलेला, तोंडात कापूस. मी म्हटलं, हरकत नाही, आज मी एकटीच गाते. पदर सावरला, डोळे मिटले.

"एकटी सुमन काय करणार?" मागून तेच मामा म्हणाले. थकलेत आता, पण आवाज खणखणीत आहे. "नुसतं पेट्रोल भरून काय उपयोग? सुमन, चहा टाक बाई."

मी ताडकन उठले, स्वयंपाकघरात गेले, पातेलं आदळलं आणि गॅसचा लायटर दाबला. खट. पेटला नाही. खट, खट. तरी नाही. आणि मग, देवाशप्पथ सांगते, मी मुद्दाम केलं नाही, माझ्याच तोंडून निघालं, "फुस्स."

बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. मी दारात आले आणि वाकून नमस्कार केला.