चार मिनिटं बारा सेकंद

आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. कोणी वडाखालच्या बाईची गोष्ट सुरू केली की मी विचारायचो, "किती वाजता दिसली? घड्याळ बरोबर होतं का?" त्यामुळे आमच्या कारखान्यात मला भुताची गोष्ट सांगायच्या फंदात कोणी पडत नसे. आणि आज मीच तुमच्या सदराला पत्र लिहायला बसलोय... हसा खुशाल. बायको तर आठ वर्षं हसतेच आहे.

मी सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. गेज, मीटर, थर्मामीटर खरं बोलतात की खोटं, ते तपासायचं काम. तोच किडा घरीही. मला जुने होम कॉम्प्युटर गोळा करायचा नाद होता — टीव्हीला जोडायचे असतात ते. कोणीतरी परदेशातून हौसेनं आणलेले, वर्षभर मुलांनी गेम खेळून माळ्यावर टाकलेले. मी ते मागून आणायचो आणि त्यांचा वेग मोजायचो. पद्धत एकच. बारा ओळींचा एक प्रोग्रॅम, ठरावीक आकड्यापर्यंतच्या मूळ संख्या शोधणारा, तो प्रत्येक मशीनवर टाइप करायचा. प्रोग्रॅम चालू करणारं रिटर्नचं बटण दाबताना स्टॉपवॉच सुरू, स्क्रीनवर 'एन्ड' उमटलं की बंद. आकडा वहीत. असे तीन रन, त्यातला मधला आकडा धरायचा.

आणि वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईनं नियम लिहिलेला : चालू रन मध्येच तोडायचा नाही. तोडलेला रन हे रीडिंगच नव्हे. एकदा केर काढताना पद्मानं, म्हणजे माझ्या बायकोनं, चुकून प्लग काढला, तर मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला होता. असा मी तऱ्हेवाईक.

पद्मा कुंभकोणमची. तमिळ नव्हे हं, मराठीच. तंजावरच्या राजांच्या काळात तिकडे जाऊन राहिलेलं घराणं. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. आणि ती मराठी अशी, की लग्नाच्या बोलणीत सासरे पहिल्यांदा बोलले तेव्हा माझ्या थोरल्या भावाला वाटलं, ते पोथीच वाचतायत!

तर साल १९९१, मार्च महिना. पहिलं बाळंतपण म्हणून पद्मा माहेरी गेलेली, आठवा महिना चालू. मी पंधरा दिवसांची रजा टाकून गेलो होतो. चारच दिवसांपूर्वी तिचा वळैकाप्पू झाला होता. आपल्याकडच्या डोहाळजेवणासारखंच, पण तिकडे दोन्ही हात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्यांनी भरतात आणि बाळंत होईपर्यंत त्या काढत नाहीत. ती घरात कुठेही असो, बांगड्यांवरून कळायचं. मला फार आवडायचा तो आवाज. तसं तिला कधी सांगितलं नाही, ते वेगळं.

माझे सासरे, अप्पा, टायपिंगचे क्लास चालवायचे. शेजारच्यांचा मुलगा सिंगापूरहून आला होता, त्यानं आपला जुना कॉम्प्युटर अप्पांना देऊ केला होता. अप्पा म्हणाले, "जांवईबापू, तुम्हीं एकदां परीक्षा करून पाहा. चांगला असेल तरच क्लासांत मांडूं." माझ्या तोंडाला पाणीच सुटलं.

मशीन मांडलं पुढच्या बाजूच्या भाताच्या खोलीत. पूर्वी तिथं भाताची पोती असायची, आता रिकामी. खिडकी नाही, छताजवळ एक वीतभर झरोका. फणसाच्या लाकडाचं एकच दार. शेजारपाजारचे बघायला येऊन टेबलाला धक्का देतात म्हणून मी आतून कडी लावली. पंखाही बंद ठेवला, कारण व्होल्टेज. मागच्या विहिरीवरची पाण्याची मोटार सुरू झाली की घरभर दिवे मिणमिणायचे. मशीन मध्येच रीसेट झालं तर? म्हणून मी तहसीलदारासारखा हुकूम सोडला होता, "पाऊण तास कोणी मोटार लावायची नाही, ग्राइंडर लावायचा नाही!" सासूबाई, अम्मा, निमूटपणे पाट्यापाशी जाऊन बसल्या. घरातल्या पाण्याचं काय, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. येणार कसा, पाणी भरतंय कोण!

वार गुरुवार. तिकडे राहुकाळ पाळतात, रोज दीड तास असा की नवं काही सुरू करायचं नाही. गुरुवारी तो दीड वाजता लागतो. अप्पा दोनदा सांगून गेले, "दीडाच्या आंत आरंभ करून सोडा. मागून किती का वेळ चालेना, दोष नाहीं." मी हो हो म्हटलं. पण टाइप करताना सातव्या ओळीत चूक झाली, ती सापडेपर्यंत एक चौतीस झाले. बाहेरून अप्पांनी विचारलं, "झालें कां सुरू?"

"कधीच झालं!" मी ठोकून दिलं. आणि मग रिटर्न दाबलं.

पहिला रन. बाहेर नेहमीचे आवाज. पलीकडच्या गल्लीत पितळी भांडी घडवणाऱ्याचे ठोके... सतरा ठोके, मग तो खोकला. (मोजायची सवय, काय करणार!) आत अम्मांचा वरवंटा घरघरत होता. मग कोपऱ्यावर शेजारच्या दारासुरम गावाची टाऊन बस आली, तिचे तीन हॉर्न, तिसरा अर्ध्यावर तुटलेला. 'एन्ड' उमटलं. चार मिनिटं बारा पॉइंट अडतीस सेकंद. मी वहीत लिहिलं. लिहून पेन ठेवतोय तोच मागच्या बाजूनं आवाज आला. पितळी घागर दगडावर पडली, ठण्ण... ठण्... ठण्. त्यावर बांगड्या फुटल्याचा खळ्ळकन आवाज. आणि पद्माचा — "अहो!"

खुर्ची पाडून मी उठलो. कडी काढली, दार ओढलं...

आणि मी खुर्चीत होतो. उजवा अंगठा स्टॉपवॉचवर, डाव्या हाताचं बोट रिटर्नवर, नुकतं दाबलेलं. पलीकडे ठोके सुरू झाले होते.

वाटलं, उकाड्यानं चक्कर आली. पण वहीत पहिलं रीडिंग लिहिलेलं होतं, शाई ओली. आणि ठोके सतरा. मग खोकला. मग वरवंटा. मी उठून दाराशी गेलो. कडी सुरळीत निघाली, पण दार हलेना. अडकलेलं दार थोडं तरी करकरतं की नाही? हे भिंतीसारखं होतं. मी ओरडलो, "अप्पा! पद्मा!" लाथा घातल्या. मला बाहेरचं सगळं लख्ख ऐकू येत होतं, अम्मा वाटणावर पाणी शिंपडत होत्या तेसुद्धा. माझा आवाज मात्र कोणाला ऐकू जात नव्हता. बसचे हॉर्न. 'एन्ड'. घागर, बांगड्या, "अहो!"... आणि मी पुन्हा खुर्चीत.

असं किती वेळा झालं? वहीत अकरा रीडिंगं आहेत. हो, मी लिहीत होतो! दाराशी गळा फोडून रडत होतो आणि 'एन्ड' आलं की टेबलाशी येऊन आकडा लिहीत होतो. सवय माणसाचं काय करते बघा. एकदा टेबल झरोक्याखाली ओढून वर चढलो, तर फक्त समोरच्या घराची कौलं दिसली आणि कौलावर एक कावळा. पुढच्या वेळी टेबल जागच्या जागी, कावळाही तसाच, मान तिरकी केलेली. माझ्या अंगावरचा घाम मात्र दर वेळी साठत गेला. बनियन पिळून निघावं इतका. तहानेनं जीभ टाळूला चिकटली. म्हणजे काळ माझ्यापुरता चालू होता. माझ्यापुरता आणि वहीपुरता.

तुम्ही म्हणाल, अहो शहाणे, ब्रेकचं बटण दाबायचं की! मशीन थांबवायचं!

इथे मला जे लिहायचंय ते मी पद्मालाही नीट सांगितलेलं नाही. सहाव्या वेळी माझं बोट ब्रेकवर गेलं होतं. आणि मी ते मागे घेतलं. लाल शाईच्या नियमासाठी नव्हे हो, इतका काही मी हा नाही. मला भीती वाटली. रन चालू आहे तोवर पद्मा पडलेली नाही. दर वेळी चार मिनिटं ती ठीक असते, कुठेतरी चालते आहे, तिच्या पोटातलं बाळ ठीक आहे. मी रन तोडला आणि सगळं तिथेच संपलं तर? मग ते पडणं खरं होऊन बसेल. त्यापेक्षा हे बरं, असं वाटलं मला. त्या उकाड्यात, त्या खोलीत, जन्मभर चार-चार मिनिटं ऐकत राहायचं मी जवळजवळ कबूल केलं होतं. लाज वाटते लिहायला.

अकराव्यांदा एक गोष्ट लक्षात आली. ती घागर. मोटार चालू असती तर पाणी नळाला आलं असतं. मोटार नको, हे कोणी सांगितलं होतं? मी. म्हणून आठव्या महिन्यातली बाई घागर घेऊन विहिरीवर गेली होती. एका खेळण्याचा वेग मोजायचा म्हणून!

बाराव्या रनला मी वहीला हात लावला नाही. ठोके झाले, खोकला झाला. वरवंटा. स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली आणि बसच्या तिसऱ्या हॉर्नला मी ब्रेक दाबलं.

स्क्रीनवर 'ब्रेक' आलं. खोलीत काही म्हणजे काही झालं नाही. मी दार ओढलं, ते उघडलं. अगदी हलकं, नेहमीसारखं.

तिकडची घरं आगगाडीसारखी लांब. ओसरी, चौक, स्वयंपाकघर, मग मागचं अंगण. चौकात अप्पा पंचांग घेऊन बसले होते, त्यांच्या डोक्यावरच्या घड्याळात एक अडतीस झाले होते. अम्मांच्या अंगावरून उडी मारून गेलो, त्या ओरडल्या, "काय झालें, काय झालें!" मागच्या दारात पोचलो तर विहिरीच्या तीन पायऱ्यांवर पद्मा. कमरेवर घागर, पोटामुळे खालची पायरी दिसत नाही, आणि त्या पायरीवर हिरवंगार शेवाळ. पाय उचललेला.

"पद्मा!" मी असा ओरडलो की पलीकडचे ठोके थांबले. दोन्ही हातांनी तिचा दंड-मनगट धरलं. घागर सुटली, ठण्ण... ठण्... ठण्. माझ्या मुठीत बांगड्या खळ्ळकन फुटल्या. आणि ती म्हणाली, "अहो!"

हेच. अगदी हेच आवाज, याच क्रमानं.

मी तिला घेऊन पायरीवरच बसलो आणि लहान मुलासारखा रडायला लागलो. तिला काही कळेना. माझ्या तळव्यातून रक्त येत होतं, ते ती पदरानं दाबत होती आणि वर मलाच झाडत होती. "काय हो हें! मी नीट उतरत होत्यें. तुम्हींच किंचाळत येऊन मला दचकवलांत, घागर पाडलांत, वळैकाप्पूच्या बांगड्या फोडलांत! मोटार नको म्हणून तुम्हींच सांगितलांत ना?" अप्पा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी माझा भिजलेला बनियन पाहिला, एकदा चौकातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि शेवटी पद्माला एवढंच म्हणाले, "जांवयांस पाणी दे आधीं." त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही. सिंगापूरचं मशीनही दुसऱ्या दिवशी परत केलं.

मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, ठणठणीत. आता आठ वर्षांची आहे, आणि माझ्यासारखीच हुज्जत घालते.

वही माझ्याकडे आहे. आमच्या कारखान्यातल्या एका केमिस्टला दाखवली, हेतू न सांगता. तो म्हणाला, "हे तुम्ही घरी बसून भरलंय. हातानं स्टॉपवॉच दाबून अकरा वेळा सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत तोच आकडा येणं शक्य नाही." बरोबरच आहे त्याचं. त्याच वहीत आधीच्या पानांवर तीन रन घेतले तर तीन वेगळे आकडे आहेत, अंगठा मागेपुढे होतोच. मीही दुसऱ्या कोणाची वही असती तर हेच म्हटलं असतं. एक चौतीस ते एक अडतीस, एवढ्यात अकरा रन बसवून दाखवा म्हणालो असतो.

पद्माचं म्हणणं साधं आहे. मी उकाड्यात झोपलो, स्वप्न पाहिलं, आणि धावत येऊन तिला जवळजवळ पाडलं. "मी पडणारच नव्हत्यें," असं ती आजही म्हणते. आणि खरं सांगू? तिच्याशी वाद घालायला माझ्याकडे पुरावा नाही. जे आवाज मी आत ऐकले ते मी तिला धरल्याचेच होते, असं म्हटलं तर सगळं जुळतं.

फक्त एक सोडून. त्या दिवशी घागर पडायच्या आधी मी ओरडलो होतो, "पद्मा!" पलीकडचे ठोके थांबावेत इतक्या जोरात. आतून मला अम्मांनी वाटणावर शिंपडलेलं पाणी ऐकू येत होतं. पण अकरा वेळांत ती हाक मी एकदाही ऐकली नाही. घागर, बांगड्या, "अहो!"... आणि त्यानंतर तिला ओ द्यायला तिथं कोणीच नव्हतं.