आजींचा गुडघा

वीस वर्षांपूर्वी, जुलैतल्या एका दुपारी, कॅनडातल्या एडमंटनच्या एका संग्रहालयात एका आजींनी मला खरा डॉक्टर समजून गुडघा दाखवला. काल कार्बोलिक साबणाच्या वासाने ते आठवलं. तिथल्या लाकडी दवाखान्यात तोच वास असायचा.

विद्यार्थी असताना मी तिथे पर्यटकांसमोर एकोणिसाव्या शतकातल्या एका डॉक्टरची भूमिका करायचो. तो मिशनऱ्याचा मुलगा होता. त्याला तिथल्या आदिवासींची क्री भाषा यायची, म्हणून क्री लोक त्याला दुखणं मोकळेपणाने सांगत.

दारात आजींचं मराठी कानावर पडलं. मी मराठीत “या, आजी” म्हणताच त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी दुखरा गुडघा पुढे केला.

“आजी, मी खोटा डॉक्टर आहे.”

“असू दे. मराठी कळतं ना? फक्त माझ्या मुलाला सांगू नकोस, नाहीतर तो बॅनफच्या डोंगरातली ट्रिप कॅन्सल करेल.”

मुलगा मागेच उभा होता. “कॅन्सल कशाला, आई? व्हीलचेअर नेऊ की!”

पुढच्या आठवड्यात त्याने बॅनफचा फोटो पाठवला. व्हीलचेअर रिकामी होती. आजी तळ्यात पाय सोडून बसल्या होत्या.