आमच्या संगणकाला काय काय वाचता येत होतं

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी खालापूरच्या एका कारखान्यात संगणक सांभाळत असे. सांभाळणं कसलं, 'हे असं का, ते तसं का' करत त्याच्या मानगुटीवर बसणं.

कारखान्याचं एक गोदाम पोशीरला होतं. तिथला संगणक वेगळ्या बनावटीचा. एकदा तिथून हजेरीची फ्लॉपी आली. दहिवलीतल्या आमच्या शेजारच्या काकी त्या गोदामात कामाला होत्या. हजेरीचे ठरलेले दिवस भरलेले निघाले तर त्या नोकरीत कायम, नाहीतर महिनाअखेरीला घरी. मी फ्लॉपी यंत्रात घालून वाचायला गेलो, यंत्राने साफ नकार दिला. मी साहेबांना सांगून मोकळा झालो, फ्लॉपी कोरी आहे.

संध्याकाळी ते कानावर पडून काकी आमच्या ओट्यावर आल्या. म्हणाल्या, "तुज्या मशीनला काय काय वाचता येतंय, ते इचारलंस का रं?"

मला रागच आला. यांनी संगणक पाहिलाय तरी का? पण प्रश्न डोक्यातून जाईना. संगणकाचा गाभा म्हणजे कर्नेल. कुठल्या कुठल्या पद्धतीने मांडलेल्या डिस्का त्याला वाचता येतात, हे त्यालाच विचारता येतं, असं पुस्तकात सापडलं. मी अंदाजाने एकेका पद्धतीचं नाव घेऊन विचारत बसलो. दर वेळी उत्तर एकच, चूक. आमच्याकडे भाताच्या लावणीला माणसं सांगायला गेलं की 'अमका आहे का' असं विचारत नाहीत. घरात मोकळी माणसं किती ते आधी विचारतात, मग नावं. मीही तसंच केलं. दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि विचारलं, तुला किती पद्धती येतात?

चार, म्हणाला. मग पहिली कुठली, दुसरी कुठली, करत चारही नावं काढून घेतली. काय मजा वाटली म्हणून सांगू! निर्जीव डबा, पण स्वतःला काय येतं ते नेमकं सांगत होता. मग ती नावं पुन्हा एकदा वाचली. त्या चारांत पोशीरची पद्धत नव्हतीच. फ्लॉपी भरलेली होती, आमच्या यंत्राला ती वाचता येत नव्हती एवढंच.

दुसऱ्याच दिवशी पोशीर गाठलं आणि हजेरी कागदावर छापून आणली. दिवस भरले होते. साहेबांपुढे कागद ठेवला, चूक कबूल केली. मग काकींकडे गेलो आणि यंत्राने काय सांगितलं ते हौसेने समजावू लागलो.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याला ठावं नव्हतं, बरं. पन तू तर मला रोज सकाळी कामाला जाताना बघतोस."