दाजी आणि डिझेलचा वास

आमच्या दाजींइतकं माणसांकडे कमी आणि यंत्रांकडे जास्त लक्ष देणारा माणूस सगळ्या मराठवाड्यात दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. लातूरला बसगाड्यांच्या वर्कशॉपात आयुष्य काढून ते निवृत्त झाले, पण ते फक्त कागदोपत्री. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ते एकाच फोटोत आहेत, आणि त्यातही त्यांची पाठच दिसते. मांडवात सगळे हात जोडून त्रिशरण म्हणत होते तेव्हा दाजी मागे जाऊन जनरेटरचा पट्टा का चिरकतो ते बघत होते. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. आमच्या शेजारचे मास्तर त्यांच्या लेखी वीस वर्षं ‘ते ढिल्या चेनवाले’ आहेत, कारण कधीकाळी मास्तरांच्या सायकलची चेन ढिली होती. एकदा गुडघा दुखतो म्हणून आक्काने त्यांना बळंच दवाखान्यात नेलं. काय होतंय, असं डॉक्टरांनी विचारलं, तर दाजी म्हणाले, “चढाला दुखतंय, उताराला न्हाई. लोड आला की आवाज करून राहिला.” डॉक्टर गुडघा दाबायला गेले तर त्यांचा हात यांनी वरच्यावर धरला. “आधी दोन दिवस नुसतं बघा, साहेब. मग खोला.”

माझी नायगावला छोटी बेकरी आहे. पाव, टोस्ट, खारी पिकअपमध्ये भरून सकाळी बिलोलीपर्यंतच्या गावांना पोचवायची, हा माझा रोजचा क्रम. दोन वर्षांपूर्वी त्या पिकअपला डिझेल गळायची खोड लागली. एका गॅरेजवाल्याने टाकीजवळचा जॉइंट आवळला. दुसऱ्याने फिल्टर बदलला. तिसऱ्याने गाडीखालच्या सांगाड्याच्या, म्हणजे चासीच्या, कडेने जाणारा पाइप एका वळणावर चिरलेला शोधून काढला आणि नवा टाकला. मी त्याला पेढे दिले. पंधरा दिवसांनी नवा पाइप त्याच जागी चिरला. मग आणखी एक नवा पाइप, आणि पुन्हा पंधरा दिवस. दरम्यान वास पावात उतरायला लागला होता. वाटेवरच्या एका हॉटेलवाल्याने मला मुद्दाम बसवून घेतलं, माझाच पाव माझ्यासमोर चहात बुडवला आणि कप पुढे सरकवला. “बघा, मालक. चहावर रंग येऊन राहिले.” खरोखरच आले होते, चांगले सात. त्याच आठवड्यात मुलांच्या वसतिगृहाने माझा पाव बंद करून नांदेडहून मागवायला सुरुवात केली. बेकरीला मोठं गिऱ्हाईक असं तेवढंच होतं. मी आक्काला फोन केला. ती म्हणाली, “पाठवते. महिनाभर ठेवून घेतलंस तरी चालंल. हितं कुकरची शिट्टी खोलून बसलेत.”

दाजी आले ते एक पिशवी घेऊन. पहिल्या दिवशी त्यांनी गाडीला हातसुद्धा लावला नाही. खुर्ची टाकून तिच्यासमोर बसले आणि माझी चौकशी सुरू केली. कधी गळतं? भरल्या गाडीला की रिकाम्या? जाताना की येताना? मी नीट सांगू शकलो नाही, तेव्हा ते म्हणाले, “रोज बसतोस तिच्यात, आन् तुला काईच म्हाईत न्हाई.” दुसऱ्या दिवशी त्यांनी खालची सगळी बाजू पुसून कोरडी केली आणि माझ्या बायकोचा पावडरचा डबा मागून आख्खा पाइपवर रिकामा केला. पावडरवर ओल लगेच उमटते म्हणे. त्या दिवशी हॉटेलवाला म्हणाला, “आज पाव मोगऱ्यावानी लागून राहिला. डिझेलच बरं होतं.”

तिसऱ्या दिवशी दाजी फेरीला माझ्याबरोबर निघाले, पण पुढे बसेनात. मागे पावाच्या क्रेटांमध्ये जागा करून, खाली पोतं अंथरून आडवे झाले आणि गाडीच्या फळीला कान लावला. मी सावकाश चाललो होतो. एका फाट्यावर एक म्हातारबा गाडीपाशी आले, मागे डोकावले आणि हळू आवाजात मला म्हणाले, “लई सीरियस हायत का? नांदेडलाच न्या.” मी काही सांगणार तोच आतून दाजींनी थापा मारल्या. “गाडी हलव! थांबली की ऐकू येत न्हाई!” म्हातारबा दोन पावलं मागे सरले.

बिलोलीच्या अलीकडे रस्ता उखडलेला आहे. तिथे त्यांनी पुन्हा थापा मारून गाडी थांबवली, खाली शिरले आणि मलाही बोलावलं. मी आडवा झालो. दाजींनी एका बोटाने पाइप हलवला. तो चासीवर टिकटिक वाजला. चासीला दोन भोकं होती. एकात पाइप धरून ठेवणारी क्लिप होती, दुसरं रिकामं होतं. त्यातली क्लिप कधीतरी गळून पडली होती. खराब रस्त्यावर पाइप तिथे मोकळा थरथरत होता आणि वळणावर चिरत होता. “पाइप फुटला ते सगळ्यांनी बघितलं,” दाजी म्हणाले, “का फुटला ते कोणी इचारलं न्हाई.” त्यांनी तिथेच पिशवीतल्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून पाइपला गुंडाळली आणि तारेने तो बांधून टाकला. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये समोर उभं राहून पाइप आणि क्लिप नवी बसवून घेतली. त्यानंतर एक थेंबही गळला नाही. महिन्याभराने वसतिगृह परत आलं. मी दाजींचे आभार मानायला लागलो, तर ते दुसरीकडेच बघत म्हणाले, “तिची काई चूक नव्हती.”

गेल्या वर्षी मी ती पिकअप बिलोलीच्या एका मंडपवाल्याला विकून नवी घेतली. दाजींना हे सांगायचं राहून गेलं. त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न, “गाडी कशी हाय?” आणि मग, “पोरं?” दोन्हींना मी “बरी हायत” म्हणायचो. यंदा आमच्या मुलीच्या साखरपुड्याला ते आले आणि दारातली नवी गाडी बघून थांबले. तिच्याभोवती एक चक्कर मारली. बॉनेट उघडायला काही सांगितलं नाही.

“ती कुठं हाय?”

“विकली, दाजी. सहा महिने झाले.”

“फोनवर तर बरी हाय म्हणून राहिला होतास.”

“बरीच असंल की.”

साखरपुड्यात या वेळी ते शेवटपर्यंत जागेवर बसून होते. आक्काला त्याचंच नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फेरीला निघालो तर ते न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसले. बिलोलीत मी गाडी मंडपवाल्याच्या आवारात नेली. जुनी पिकअप तिथे खुर्च्या लादून उभी होती. दाजी धोतर सावरत वाकले, खाली हात घालून चाचपले आणि बोटं नाकाशी नेली. मग पुढे जाऊन बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मंडपवाला बुचकळ्यात पडला होता.

“ह्यांच्या आधी तुमची होती का काका, ही गाडी?”

“न्हाई,” दाजी म्हणाले. “वळख हाय.”

 परतताना मधे एकदा त्यांनी डॅशबोर्डला कान लावून बघितला आणि पुन्हा सरळ बसले. नव्या गाडीत ऐकण्यासारखं काही नव्हतंच.