काकीचा बर्गरवाला

समोर काहीही खायला आलं की तो आधी पाव चिरायचा. त्यात ते भरायचा, दोन्ही हातांनी दाबायचा आणि डोळे मिटून आमच्या मालवणीत म्हणायचा, "हो पण बर्गरच!" म्हणजे, हासुद्धा बर्गरच.

आमच्या वेंगुर्ल्याच्या खाडीतल्या शिंपल्यांचा अभ्यास करायला अमेरिकेहून आलेला हा ताडमाड माणूस शेजारच्या काकीकडे भाड्याने राहिला. साल दोन हजार तीन-चार असेल. शिंपल्यांचं त्याने काय केलं देव जाणे. पण पावात घालून त्याने तिसऱ्यांचं सुकं, फणसाची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ, एवढंच काय, नारळाच्या रसातल्या तांदळाच्या शेवया, ते गोड शिरवाळेसुद्धा खाल्ले. रविवारी सायकल काढून पार शिरोड्यापर्यंतची हॉटेलं पालथी घालायचा आणि आल्यावर मला पकडून तासभर वर्णन ऐकवायचा.

काकीला हे मुळीच पसंत नव्हतं. तिच्या बांगड्याच्या तिखल्याचा रस त्याच्या कोपरापर्यंत ओघळला की ती कपाळावर हात मारून घ्यायची. "अरे खुळ्या, मी भात कित्याक केलंय? भाताबरोबर जेव मरे!"

एक गोष्ट मात्र ती त्याला कधीच करून देत नसे. एका हॉटेलात कोंबडी-वडे खाल्ल्यापासून त्याने ध्यास घेतला होता, की फुगलेला वडा फोडून त्यातच कोंबडी भरायची. "काकी, माका वडे होये."

"माझ्याकडे तळण होत नाय," काकी म्हणायची आणि पाठ फिरवायची.

त्याला कळेना. तुम्हाला सांगतो. आमच्याकडे घरात माणूस गेलं की वर्षभर तेलाची कढई चढत नाही. मग बाईच्या माहेरची माणसं येतात, कढई चढवतात, तिला खाऊ घालतात आणि दुखवटा निघतो. काकीचा नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण तिच्या माहेरी कोणी उरलंच नव्हतं. कढई माळ्यावर पडून होती. आम्ही शेजारी नुसते हळहळायचो. माहेरचा मान, मध्ये पडणार कोण?

याने काय करावं? एका रविवारी काकी देवळात गेलेली बघून पीठ, तेल, कोंबडी घेऊन आला. माळ्यावरची कढई उतरवली, घासली आणि चुलीवर चढवली. धूर बघून मी धावलो. "अरे, हे काय केलंस!" म्हणेपर्यंत काकी दारात उभी.

तिने कढईकडे पाहिलं. पिठाने माखलेल्या त्याच्या दाढीकडे पाहिलं. त्याने एक वाकडातिकडा वडा फोडून, कोंबडी भरून तिच्यापुढे धरला. "खा, काकी. पयलो तुझो."

काकी तिथेच जमिनीवर बसली आणि खाऊ लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसलं नाही. "मीठ कमी आसा," एवढंच म्हणाली, आणि दुसरा मागितला.

पुढच्या मे महिन्यात तो परत गेला. आमची वाडी सुनी झाली. मला तर काही दिवस करमेना.

त्या वर्षी गणपतीत काकीकडून तळणाचा वास आला, तशी वरच्या वाडीतली एक म्हातारी अंगणातच थबकली. "गो, तुझो दुखवटो कोणी काढल्यान?"

कढईतला वडा उलटत काकी म्हणाली, "माझ्या भावान. अमेरिकेत आसता तो."